राख, लेंडीखत आणि सुफला

कळंबला आमच्या घरी कोणत्या झाडाला कुणी खत घालायचं हे ठरलेलं होतं. परसातली केळ, पपई आणि शेवगा मोठीआईकडे. लिंबोणी काकूंकडे. मळ्यातले आंबे आबांचे. आबा हिंडतेफिरते होते तोवर दुसऱ्या कुणी त्यांच्या आळ्यात आपल्या मनानं पाटी ओतली नाही. मोसंबी तात्यांनी हट्टानं लावली होती, म्हणून तिची दुखणीखुपणीही तात्यांच्याच गळ्यात. बांधावरची चिंच, ओढ्याकाठची जांभळं, माळावरची सीताफळं यांना वाली नव्हता आणि त्यांचं त्यावाचून अडतही नव्हतं. आम्ही सख्खी-चुलत मिळून घरभर लेकरं. आमच्या वाट्याला हमाली. पाटी उचलायची आणि सांगतील तिथं नेऊन टाकायची.

आता आमच्यातलं कुणी पुण्याला आहे, कुणी लातूरला, दोघं अजून कळंबलाच. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अवसेला, मळ्यात जमलो की आंबील-भज्जीवर ताव मारून झाल्यावर बोलणं हटकून झाडांवर येतं. एक जण काही आठवतो, दुसरा त्यात भर घालतो, तिसरी दोघांनाही खोडून काढते. पुढं लिहिलंय ते अशा बोलण्यांतून गोळा झालेलं आहे. ते माझ्या एकट्याचं नाही.

मोठीआईची राख दोन वाटांनी केळीला पोचायची. चूल जळायची ती तुराट्यांवर, पऱ्हाट्यांवर आणि बाभळीच्या फाट्यांवर, पावसाळ्यात गोवऱ्या. सकाळी चूल निवली की ती राख उपसून चाळायची. बारीक राख भांड्यांना. नारळाची शेंडी ओली करून राखेत बुडवायची आणि पितळी घागर घासायची, तो खरखरीत आवाज आमच्या सगळ्यांच्या कानात आहे. ते करडं पाणी मोरीतून दगडी पन्हळीनं थेट केळीच्या बुंध्याशी जायचं. चाळणीवर उरलेली जाड राख महिन्यातून एकदा केळीभोवती पसरायची आणि वरून ओंजळभर माती. लाकडाची राख आणि गोवरीची राख ती वेगवेगळ्या डब्यांत ठेवी. गोवरीची राख हलकी, तिच्यात दम नाही, असं तिचं म्हणणं. तुराट्याची राख मात्र ती शेजारणीलाही सहजासहजी देत नसे.

पुढं आमच्यातल्या एकानं परभणीला शेतकीचं शिक्षण घेतलं तेव्हा तिच्या डब्यांचा उलगडा झाला. लाकडाच्या राखेत पालाश असतं, थोडं स्फुरदही असतं. नत्र मात्र जळताना उडून जातं. केळ ही पालाशची मोठी खादाड. विद्यापीठाच्या शिफारशीत तिला झाडामागं २०० ग्रॅम नत्र आणि तेवढंच २०० ग्रॅम पालाश सांगितलं आहे. नत्राचा वाटा मोरीतल्या उष्ट्या-खरकट्यातून आणि गोठ्याच्या मुतारीतून मिळायचा, पालाश चुलीतून. घडाला वजन आणि गराला गोडी कशी यायची, याचं उत्तर मोठीआईच्या त्या दोन डब्यांत होतं.

पण हीच राख लिंबोणीला कुणी टाकली की काकू कडाडायच्या. "लिंबोणीला राख लागत नसती रे बाबांनो, पिवळी पडती ती." ह्यामागं आमच्या जमिनीची सगळी कुंडली आहे. आमच्याकडची काळी माती चुनखडीची. फूट-दोन फूट उकरलं की पांढरे खडे लागतात. अशा जमिनीत लोह असतं, पण ते चुन्यानं असं बांधून टाकलेलं की मुळांना उचलता येत नाही. लिंबू, मोसंबी ही झाडं याबाबत फार नाजूक. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. राख मुळातच अल्कधर्मी, ती टाकणं म्हणजे त्या चुन्याला आणखी जोर देणं. काकू शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांनी पानं पाहिली होती.

त्या चुनखडीचा आणि आमचा संबंध शेतापुरताच नाही. आमच्या तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरीची जत्रा चैत्र पौर्णिमेला भरते. देवीची पालखी डोंगरावरून उतरते, हजारो माणसं चुन्याच्या रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि मग पालखी आमराईतल्या मंदिरात मुक्कामाला जाते. लहानपणी आम्ही तिथं खडे वेचायला धावायचो, ऊन डोक्यावर, पायाखाली तापलेली ढेकळं. आज त्या जत्रेकडं पाहताना मला त्यात आमच्या शिवाराचं सगळं वर्म दिसतं. चुना आहे, आणि चुन्याला न जुमानता उभी राहिलेली आमराईही आहे. आंब्याची मुळं खोल जातात, मोसंबीची वरवर राहतात. म्हणून एकाच रानात आंबा तरतो आणि मोसंबी झुरते.

तात्यांची मोसंबी अशीच झुरत होती. गावात कुणी सांगितलं, बुडात लोखंडी खिळे पुरा. लोहाराकडचे गंजके खिळे, घोड्याचे जुने नाल, तुटकं खुरपं असं सगळं आम्ही त्या आळ्यांत पुरलं. त्यानं पिवळेपणा फारसा हटला नाही, कारण चुनखडीत खिळ्याचा गंजही तसाच अडकून पडतो. फरक पडला तो हिराकसानं. तात्यांना एका कृषी अधिकाऱ्यानं दोन गोष्टी सांगितल्या: हिराकस मातीत नुसतं टाकू नका, कुजलेल्या शेणखतात कालवून आठवडा-दोन आठवडे मुरवा आणि मग घाला, आणि घाई असेल तर पाण्यात विरघळवून पानांवर फवारा. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीत जाऊ देत नाहीत. तात्या गोठ्यामागं गोणपाटाखाली तो ढीग झाकून ठेवायचे आणि दर दोन दिवसांनी हात घालून बघायचे. हिरवट खडे विरघळून काळ्या खतात मिसळले की म्हणायचे, "आता चालतंय." पंधरवड्यानं नवी पालवी हिरवी आली तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा, मळ्यात नेऊन ती पानं दाखवली.

मोसंबीचं खाणं तसं जडच. पाच वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला ८०० ग्रॅम नत्र, ३०० ग्रॅम स्फुरद, ६०० ग्रॅम पालाश, शिवाय शेणखत आणि निंबोळी पेंड. पण मोसंबीवाल्याला विचारा, तो आकड्यांआधी बहार सांगेल. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची. मग जानेवारीत ताण तोडताना खत आणि पाणी बरोबर. अर्धं नत्र तेव्हा, राहिलेलं दीडेक महिन्यानं. भुकेल्या झाडाच्या पुढ्यात वेळेवर ताट आलं तर ते फुलतं. तेच ताट ताणाच्या मधेच आलं तर पालवी फुटते आणि बहार बुडतो. तात्यांना हे मोसंबीनं शिकवलं. आबांना आंब्यानं केव्हाच शिकवलं होतं.

आबांचे आंबे कलमी नव्हते. गावरान, कोयीचे, त्यांच्याही आजोबांनी लावलेले. प्रत्येकाला नाव. शेप्या, कारण त्याला शेपूचा वास. खोबऱ्या, गोटी, साखऱ्या. एक नुसताच लोणच्याचा. हे आंबे आडवे पसरलेले, दुपारी त्यांच्या सावलीत चार बैलगाड्या उभ्या राहायच्या. आबा खत घालायचे ते मृगाचा पहिला बरा पाऊस झाल्यावर. आधी ते झाडाभोवती चालत सुटायचे, फांद्यांची टोकं जिथं संपतात तिथं टाच ओढत. त्या रेघेच्या थोडं आत, वीतभर खोल आणि हातभर रुंद चर सगळीकडून खोदायचा. त्यात पाट्या रित्या करायच्या, वर माती ओढायची. आम्हा पोरांना खोडाशीच पाटी उलटायची घाई, कारण तेवढंच चालणं वाचतं. आबा तिथं आडवे यायचे. "बुडाला नको रं. बुडाला तोंड नसतंय. तोंडं तिकडं कडंला हायती."

तोंडं म्हणजे अन्न घेणारी बारीक केसाळ मुळं. थोराड झाडाचं खोडाजवळचं मूळ धरून उभं राहण्याचं काम करतं. खाण्याचं काम सावलीच्या कडेची मुळं करतात. खोडाशी ओलं शेण रचलं तर साल कुजते, वाळवी लागते. आज खतांच्या पुस्तिकेत हे चित्र काढून दाखवलेलं असतं. आबांनी ते टाचेनं काढलं.

दसऱ्यानंतर आंब्याला काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणीही नाही, हा आबांचा दुसरा कायदा. येळवशीला सगळं घर त्या आंब्यांखाली बसायचं. ज्वारीच्या ताटांची खोप, आत पांडवांची पूजा, मडक्यातली आंबील, बाजरीचे उंडे. आंबील शिवारात शिंपडायची रीत आहे, ती आबा पिकांत शिंपडायचे. आंब्याच्या आळ्यात कुणी पोरानं हौसेनं तांब्या ओतायला घेतला की हात धरायचे. मार्गशीर्षाच्या अवसेला, थंडीत, आंबा मोहराच्या तयारीला लागलेला असतो. त्याला तेव्हा थोडा उपास हवा. नत्र आणि पाणी मिळालं की तो पालवीकडं वळतो, काडी हिरवी राहते, मोहर येत नाही. आमच्या लहानपणी युरिया गावात नवा होता आणि दिवाळीच्या सुमाराला हौसेनं आंब्याला घातलेला कुणाकुणाचा युरिया फेब्रुवारीत तांबूस पालवी होऊन दिसायचा. देखणी झाडं, आणि कैरी औषधाला नाही.

आज दहा वर्षांपुढच्या आंब्याला ५० किलो शेणखत आणि दीड किलो नत्र सांगतात, म्हणजे युरियाच्या हिशेबानं सव्वातीन किलो. शिवाय अर्धा किलो स्फुरद आणि अर्धा ते एक किलो पालाश. हे सगळं पावसाच्या सुरुवातीला, नत्राचा राहिलेला हिस्सा पाऊस संपायच्या आत. आबांची पाटी साधारण दहा-बारा किलोची आणि झाडामागं ते पाच पाट्या सांगायचे. शेणखताचा मेळ तंतोतंत बसतो. नत्राचा बसत नाही, बसणारही नाही. आबांचे आंबे एका वर्षाला लगडायचे, दुसऱ्या वर्षाला विसावा घ्यायचे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आता उकिरडा. आमच्या मते घराचा खरा खजिना तोच. गोठ्यामागं पुरुषभर खोल खड्डा. त्यात रोजचं शेण, गव्हाणीतलं उष्टं, अंगणाचा केर, पालापाचोळा, जनावरांच्या मुताची ओली माती. दिवाळीत त्या उकिरड्यावरही एक पणती ठेवली जायची. अक्षय तृतीया झाली की तो उपसायला घ्यायचा. वरचा थर बाजूला सारायचा आणि टिकाव घालायचा. आत काळंभोर, चहाच्या भुकटीगत मोकळं झालेलं खत, उन्हात आल्याबरोबर त्यातून ऊब निघायची. तात्या मूठ भरून नाकाशी न्यायचे. शेणाचा वास आला तर तो भाग परत खड्ड्यात, पहिल्या पावसात माती महकते तसा आला तर गाडीत. कच्चं खत गेलं की त्यामागं हुमणी आलीच. खतात पांढऱ्या, वेटोळं करून पडलेल्या अळ्या निघायच्या. त्या वेचून कोंबड्यांपुढं टाकायचं काम आमचं. कोंबड्या टिकावाच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहायच्या आणि काकू ओरडायच्या, मान तुटंल की एखादीची!

पुसदकडचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांची विटांची टाकी पुढं आमच्याकडं आली, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीला हवेची भोकं. थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवायची ती युक्ती. तात्यांनी ती बांधली आणि शेवटपर्यंत उकिरड्यालाच जास्त मानलं.

लेंडीखत हे वेगळं प्रकरण. शेळी आमच्या जिल्ह्याची शान. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली, काळी, लांब कानांची. घरात चार-पाच असायच्याच. तिची लेंडी शेणापेक्षा कोरडी आणि कसदार, सावकाश विरघळणारी. ती पेरूला आणि डाळिंबाला जायची. आणि उन्हाळ्यात धनगर यायचे. मेंढ्या बसवायच्या म्हणजे रात्रभर रानात कळप मुक्कामाला ठेवायचा, बदल्यात ज्वारी द्यायची, पुढं पैसे. लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी मुरतं, वाहतुकीचं काम नाही. आंब्याच्या लहान रोपांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण आदल्या दिवशीच घालून ठेवावं लागे, नाहीतर मेंढी एका रात्रीत शेंडा छाटणार. रात्री कळपाच्या कडेला घोंगडीवर झोपायला आम्हा पोरांत भांडणं लागायची. कुत्र्यांचं गुरगुरणं, मेंढ्यांच्या अंगाचा उग्र वास, आणि पहाटे दवात भिजलेलं ते रान.

पांढरीची माती हेही एक खतच. जुन्या गढीची, पडक्या वाड्यांची पांढरी माती पिढ्यान्पिढ्यांच्या वस्तीनं खारवलेली, नत्र मुरलेली. माळवदावर पसरायला ती लागायची तशी झाडांनाही लागायची. जुनं माळवद उतरवलं की वरची माती थेट मळ्यात. आमच्याजवळच्या तेरला तर अशी टेकाडंच्या टेकाडं. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर नगर मातीखाली आहे. त्या टेकाडांतून निघालेल्या मूर्ती, मणी, खापरं रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केली आणि त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. सातवाहनांच्या काळातल्या चुलीची राखसुद्धा त्या पांढरीत असेल, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

चिंचेला आणि सीताफळाला कधी कुणी काही घातलं नाही. चिंच पायाखालचा पाला स्वतःच खाते. सीताफळं बालाघाटच्या डोंगरउतारांवर मुरमात आपोआप उगवायची, शेळ्याही त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत. त्याला खत घालावं हा विचारच कुणाच्या मनात आला नाही. आता तेच सीताफळ ओळीत लावतात. अंबाजोगाईला त्याचं संशोधन केंद्र आहे, बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी एनएमके-१ ही जात काढली, तिचं फळ मोठं आणि बी कमी. या लावलेल्या झाडाला पाचव्या वर्षानंतर २५० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद, १२५ ग्रॅम पालाश द्यायचं. मोसंबीच्या एक तृतीयांशाहूनही कमी नत्र. डोंगरावरून मळ्यात आलं तरी त्याची भूक अजून डोंगराचीच आहे.

१९७२ साली ही सगळी घडी विस्कटली. आधीच्या दोन वर्षांत पाऊस ओढ देत होता, त्या वर्षी दगा दिला. आमच्यातले मोठे तेव्हा दहा-बारा वर्षांचे. खडी फोडायच्या कामावर घरातली माणसं, खायला मिलो आणि सुकडी, दावणीला जनावरं होती ती चाऱ्यापायी कवडीमोलानं गेली. जनावर गेलं तसं शेण गेलं. तुराट्या नाहीत म्हणून राखही नाही. उकिरडा कोरडा पडला. त्या उन्हाळ्यात परसातली केळ आधी गेली, मग पपई. लिंबोणीला मोठीआईनं अंघोळीचं पाणी घालून जगवलं. आंबे, चिंच, सीताफळं उभी राहिली. घरातलं माणूस उपाशी राहिलं की झाड उपाशी राहतं, हे आम्ही त्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. तिथून पुढं आबांनी एक केलं: आंब्याच्या सावलीत पडलेलं एकही पान बाहेर जाऊ दिलं नाही. आळ्यात पानांचा थर, त्यावर माती.

त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. हळूहळू गोणी घरात आली. सुफला १५:१५:१५ ही आमच्या घरातली पहिली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश सारखं. धाकटे काका, म्हणजे नाना, त्या पोत्यावरचे आकडे आम्हाला समजावून सांगायचे: १०० किलोत १५, १५, १५, राहिलेलं नुसतं वाहन. मग युरिया, मग डीएपी. नानांचा या खतांवर विश्वास होता आणि तो खोटा नव्हता. लंगडणारी मोसंबी, बारीक राहणारा पेरू, यांना पोत्यानं हात दिला. शेणखतातून दीड किलो नत्र द्यायचं तर झाडामागं गाडीच्या गाडी लागते, एवढं शेण कुठल्या घरात निघतं? पोतं वाईट, शेण चांगलं, असं जे आज सरसकट बोललं जातं ते आम्ही मानत नाही. नानांनी पोतं उघडायच्या आधी आबांना वेळ विचारली आणि तात्यांना जागा विचारली, म्हणून आमच्याकडं पोतं लागू पडलं. आमची तक्रार वेगळी आहे. पोतं आल्यावर हळूहळू उकिरडा रिता झाला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारणं खताशी संबंध नसलेली होती. घरात गॅस आला, चूल बंद, राख बंद. भांड्यांना साबण आला आणि मोरीचं पाणी केळीला सोसेना. माळवद पाडून स्लॅब पडला, पांढरी संपली. नव्वदनंतर शिवारात सोयाबीन पसरलं. ज्वारी हटली तसा कडबा हटला, कडब्याविना जनावरं परवडेनात. ट्रॅक्टर आल्यावर बैलही गेले. गोठ्यात शेवटी एक म्हैस उरली. माती परीक्षणाचे कागद मग दुसरीच गोष्ट सांगू लागले: सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली. असल्या मातीत युरिया घालणं म्हणजे पाणी धरून न ठेवणाऱ्या जमिनीत पाणी ओतणं. झाडाच्या वाट्याला थोडं, वाहून आणि उडून जाणारं जास्त.

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि मराठवाड्यात खड्डे खोदले गेले. आमच्या वरच्या तुकड्यात केशर आंबा लागला तो तेव्हाचा. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, उन्हाळाभर तापू द्यायचा, तळाला पालापाचोळा, मग पोयटा, शेणखत आणि दोन किलो सुपर फॉस्फेट. त्या खड्ड्यांसाठी खत पुरवताना तात्यांनी उकिरड्याचा तळ खरवडला. केशर धरला, वाढला. मराठवाड्याच्या केशरला पुढं मानांकनही मिळालं.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून येडशी-ढोकीच्या रुळांवरून पाण्याची रेल्वे लातूरला गेली, तेव्हा आमच्या जवळचं धनेगावचं मांजरा धरण कोरडं होतं. केशराची वरच्या बाजूची झाडं त्या वर्षी वाळली. खालच्या बाजूला, आबांच्या आंब्यांलगत जी होती, तिथं चाळीस वर्षं पानं आणि शेणखत जिरलं होतं. ती वाचली. विहिरीत पाणी दोघांनाही सारखंच, म्हणजे नव्हतंच. कुठल्या मातीत ओल किती दिवस टिकते, एवढाच फरक होता. आम्ही ते ढेकूळ हातात फोडून पाहिलं, वीतभर खाली अजून थंड लागत होतं.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. जिल्ह्यात पावसानं कहर केला, मांजरा पात्र सोडून रानात आली, कित्येकांची जमीन खरवडून गेली. आमचा नदीकडचा पट्टा गेला. शेप्याच्या एका अंगाची मुळं उघडी पडली. आबा ज्या रेघेवर टाच ओढायचे तिथं आता हातभर खोल घळ होती. नदीनं दुसरीकडं आणून टाकलेला गाळ आम्ही दिवाळीनंतर ट्रॅक्टरनं भरून आणला, मुळं झाकली, वर सोयाबीनचं भुसकट पसरलं. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचे नमुने दिले; फळबागेचा नमुना वरचा एक आणि फूटभर खालचा एक असा वेगळा द्यावा लागतो. घरातल्या सगळ्यांचं एकमत आहे की ह्या वर्षी आंब्याला युरिया कमी, कुजलेलं खत जास्त, आणि चर शेप्याच्या धड बाजूलाच खोदायचा.

चुलतभावाच्या मुलीनं एक वही घातली आहे. झाड, वय, काय घातलं, केव्हा, किती, असे रकाने. ती लातूरहून फोन करते आणि एकेका झाडाबद्दल विचारते. आम्ही चौघंपाचजण एकदम बोलायला लागतो आणि तिला पुन्हा पुन्हा थांबवावं लागतं. मोसंबीपुढं तिनं हिराकस आणि शेणखताचं मुरवण लिहून घेतलं, लिंबोणीपुढं 'राख नाही' हे ठळक अक्षरांत. केळीचा रकाना अजून रिकामा आहे, कारण केळ लावायची कुठं हेच ठरत नाही. आता अडचण लेंडीखताची आहे. घरात शेळी नाही. इटकूरकडं एक जण बऱ्याच शेळ्या पाळतो, त्याच्याकडं दोन वर्षांची लेंडी साठली आहे असं कळलं. तो ट्रॉलीचा भाव जरा जास्त सांगतोय, पण खत जुनं आहे, चांगलं मुरलेलं आहे. मृग निघायच्या आत दोन ट्रॉल्या मळ्यात पडायला हव्यात.